लटारूजींचं नाक

गुडघ्याच्या गोळ्या आणायला मी महिन्यातून एकदा औषधाच्या दुकानात जातो. मागल्या खेपेला माझ्यापुढे एक तरणाताठा माणूस उभा होता. त्याने नुसतं आपल्या नाकाकडे बोट दाखवलं. दुकानदाराने मान वर न करता फळीवरून नाकात टाकायची छोटी बाटली काढली आणि पुढे सरकवली. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे सवय जुनी होती, दोघांचीही. मला राहवलं नाही. विचारलं, किती दिवसांपासून टाकता हे? मी त्याची जात विचारावी तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. "झाले असतील दोन वर्षं," म्हणाला आणि सायकलवर टांग मारून निघून गेला.

मी घरी आलो तेव्हा लक्षात आलं, गोळ्या घ्यायच्या राहूनच गेल्या.

छत्तीस वर्षं मी कंपाउंडर होतो. आजच्या पोरांना कंपाउंडर म्हणजे दवाखान्यात नंबर लावणारा माणूस वाटतो. आमच्या काळी तसं नव्हतं. डॉक्टर कागदावर लिहायचे आणि औषध आम्ही करायचो. खलात पूड घोटायची, मेजर ग्लासात मापायची, मलम असेल तर काचेच्या फरशीवर सुरीने फेटायचं. तयार गोळ्या, तयार बाटल्या फार थोड्या. बाटली पेशंटने घरून आणायची असा रिवाज होता. खोबरेल तेलाची, अत्तराची, रॉकेलचीसुद्धा यायची. ती धुवायची, औषध भरायचं आणि बाहेरून कागदाची एक पट्टी चिकटवायची. पट्टीला कात्रीने कंगोरे पाडलेले असत. एक कंगोरा म्हणजे एक वेळचं औषध. वाचता येणाऱ्यालाही कळायचं, न येणाऱ्यालाही.

कळायचं म्हणजे आपलं समाधान. एक शेतकरी आठ दिवसांचं खोकल्याचं औषध चार दिवसांत संपवून आला. काय केलं, विचारलं तर म्हणाला, मी अन् बैल दोघंही खोकलत होतो, एक कंगोरा त्याला, एक मला. बैल बरा झाला होता. हा नव्हता झाला. एक मास्तर होते, त्यांना लाल औषधच लागू पडायचं. पांढरं दिलं की दुसऱ्या दिवशी ताप घेऊन हजर. मी त्यात रंगाचा एक थेंब टाकायचो आणि ताप उतरायचा. हसायला बरं वाटतं आता. तेव्हा दिवसाला शंभर बाटल्या धुऊन बोटांची कातडी सोलवटायची, हसायला कोणाला वेळ होता?

या धंद्यातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पेशंट रिकामी बाटली घेऊन आला आणि "मागचंच भरून द्या" म्हणाला, की आम्ही भरून द्यायचो. डॉक्टरांकडे पुन्हा पाठवायचं नाही. डॉक्टरांचा वेळ वाचायचा, पेशंटची रांग वाचायची आणि कंपाउंडरला थोडं डॉक्टर झाल्यासारखं वाटायचं. सगळीकडे हेच चालायचं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मी मूळचा नाचणगावचा, पुलगावला खेटून असलेल्या. पुलगावच्या एका दवाखान्यात झाडू मारता मारता खल धरायला शिकलो, पुढे परीक्षा दिली, आणि छोट्या रुळांच्या आगगाडीत बसून आर्वीला नोकरीला आलो. छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आलो तेव्हा मी बदललो होतो, आर्वीचा बाजार तोच होता. दवाखान्यातल्या माठाला मी हात लावत नसे. लावू नको असं कोणी म्हणालं नव्हतं, पण माठाचा माणूस वेगळा होता, पेशंटला पाणी तो द्यायचा. मिक्श्चर मात्र मी करायचो. आणि मिक्श्चर म्हणजे तरी काय? बाटलीभर पाण्यात दोन चिमटी औषध. ते पाणी सगळ्यांना चालायचं. आमचे डॉक्टरसाहेब मनाने चांगले होते, त्यांनी मला कधी अरे म्हटलं नाही. माठाचं मात्र त्यांनीही कधी मनावर घेतलं नाही.

लटारूजी दवाखान्यात आले ते दीक्षेनंतर वर्षभराने, पौषातल्या थंडीत. आर्वीत त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. जातीने गवळी, पन्नाशीचे, काटकुळे. आमच्या तालुक्यात तेव्हा गवळाऊ गाईंचं तूप मोठं नावाजलेलं. डोंगराकडच्या गावांतून गवळी डबे घेऊन यायचे, बाजारातले एक शेठजी ते विकत घेऊन नागपूरला पाठवायचे. त्या पेढीवर लटारूजी तूप पारखायला होते. डब्यात तळापर्यंत लोखंडी सळई घालायची, तिला लागलेलं तूप डाव्या हाताच्या पाठीवर चोळायचं आणि नाकाशी न्यायचं. बस. गाईचं की म्हशीचं, लोणी ताजं होतं की आंबलेलं, सगळं सांगायचे. त्या दिवसांत तुपात स्वस्तातलं वनस्पती तूप मिसळायची लाट आली होती. रुपयात एक आणा वनस्पती असली तरी लटारूजी डबा बाजूला सारायचे. पास झालेल्या डब्याला स्वतःच्या बोटाने चुन्याचा ठिपका लावायचे. तो ठिपका पाहिला की नागपूरचे व्यापारी झाकण उघडत नसत, असं लोक सांगायचे. नाकावर संसार चालवणारा मी पाहिलेला तो एकच माणूस.

सर्दीने त्यांचं नाक गच्च झालं होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि नाकात टाकायचे थेंब लिहून दिले. इफेड्रिनची पूड मिठाच्या पाण्यात विरघळवून मी ते करायचो. कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, तीन दिवस. मी बाटली टेबलावर ठेवली, लटारूजींनी उचलली. माझ्या हातातून ते घेत नसत. बहुतेक जण घेत नसत. टेबल त्यासाठीच होतं, असं मी स्वतःला सांगत असे.

चौथ्या दिवशी ते रिकामी बाटली घेऊन आले. डॉक्टरसाहेब कुठे गावाला पेशंट पाहायला गेले होते. लटारूजींनी बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या हातचं औषध लागू पडते बापा. नाक असं उघडलं, का पार तळेगावचा वास येऊन राह्यला."

तुमच्या हातचं. हे दोन शब्द मला किती दिवस पुरले ते सांगायची लाज वाटते. ज्या हातातून हा माणूस बाटली घेत नाही, त्याच हाताला तो चांगलं म्हणत होता. मी बाटली भरून दिली. कागदावरचे तीन दिवस मला दिसले होते. मी ते वाचलेच नाहीत असं म्हणेन तर ते खोटं होईल.

मग दर आठवड्याला ते येत गेले. मग आठवड्यात दोनदा. डॉक्टर आतल्या खोलीत असत, लटारूजी बाहेरच्या बाहेर बाटली ठेवत, मी भरत असे. उन्हाळा लागला, सर्दीचं नाव नव्हतं, तरी बाटली येतच होती. एकदा म्हणाले, आता पहिल्यासारखं लागत नाही, जरा कडक करून द्या. मी कडक करून दिलं. पूड दुप्पट घातली. कंपाउंडरने पेशंटच्या शब्दावर औषध कडक करायचं नसतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि पासही झालो होतो.

या थेंबांचं काय होतं ते सोप्या भाषेत सांगतो. सर्दीत नाकाच्या आतलं मांस सुजतं, म्हणून नाक बंद होतं. थेंब टाकले की तिथल्या रक्ताच्या बारीक नळ्या आखडतात, सूज उतरते, वाट मोकळी होते. पण औषधाचा जोर ओसरला की त्या नळ्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा थेंब. दोन-चार दिवस टाकले तर काही बिघडत नाही. महिने झाले की नाक स्वतःहून उघडायचं विसरून जातं. सर्दी केव्हाच गेलेली असते, राहिलेलं असतं ते औषधाचंच दुखणं. पेशंटला वाटतं औषधामुळे आपण जगतोय. आणि सुजलेल्या नाकात वास वरपर्यंत पोचतच नाही.

हे शेवटचं मला तेव्हा सुचायला हवं होतं. समोर उभा असलेला माणूस तूप हुंगून पोट भरतो, हे मला माहीत होतं.

पोळा होऊन गेला होता. तुपाचा मोसम होता, पेढीवर डब्यांची रीघ लागलेली. एके दिवशी डॉक्टरसाहेब जेवायला घरी गेलेले असताना लटारूजी आले. त्यांनी बाटली काढली नाही. बाकावर बसले. तोंडाने श्वास घेत होते, ओठ कोरडे पडले होते. मग हळूच सांगितलं, नागपूरहून एक डबा परत आला आहे. आत निम्म्याहून जास्त वनस्पती आणि झाकणावर त्यांचा ठिपका.

शेठजी रागावले का, मी विचारलं. नाही म्हणाले. उलट शेठजींनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, होतं असं एखाद्या वेळी, मनाला लावून घेऊ नका, ठिपके लावत जा. एवढा मोठा माणूस, पण किती समजून घेतो, असं लटारूजी म्हणत होते.

"मले वास नाई येत, कंपोंडर," ते म्हणाले. "पाच-सा महिने झाले. डब्यातल्या तुपाचा रवा पाह्यतो, गवळ्याचं तोंड पाह्यतो, अन् ठिपका लावतो. घरी बी नाई सांगितलं. अजून एक डबा वापस आला तं मी चुन्यात बोट नाई घालत."

मग म्हणाले, आणखी कडक करून द्या, अगदी कडक, नाक एकदा नीट उघडलं पाहिजे. त्यांची बाटली त्या दिवशी मी पहिल्यांदा भरली नाही. त्यांना थांबवून घेतलं आणि डॉक्टरसाहेब आल्यावर आत जाऊन सगळं सांगितलं. तीन दिवसांचे नऊ महिने केले, पूड दुप्पट केली, सगळं.

डॉक्टरसाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "का केलंस रे?" मला अरे म्हणण्याची त्यांची ती एकच वेळ. मी काय सांगणार होतो, लटारूजींनी माझ्या हाताला चांगलं म्हटलं म्हणून? डॉक्टरसाहेब म्हणाले, तू बिघडवलंस, तूच निस्तर, मी सांगतो तसं.

उपाय साधा होता आणि वाईट होता. थेंब बंद. पण दोन्ही नाकपुड्यांचे एकदम बंद केले तर माणूस घाबरून पुन्हा बाटलीकडे धावतो. म्हणून आधी एकच, डावी. तिच्यात नुसतं मिठाचं कोमट पाणी. उजवीत थेंब चालू, तेही पातळ. डावी आपली आपण उघडायला लागली की मग उजवीचे बंद. झोपताना डोक्याखाली गाठोडं, सकाळ-संध्याकाळ वाफ. औषध असं काहीच नाही, कळ काढायची. पंधरा दिवस, कदाचित महिना.

लटारूजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे एक नाक धंद्याचं, एक नाक दवाखान्याचं. डॉक्टरांना हसू आलं. मला नाही आलं.

रोज दुपारी पेढीवरून घरी जाताना ते दवाखान्यात यायचे आणि मी त्यांच्या डाव्या नाकपुडीत मिठाचं पाणी आणि उजवीत पातळ थेंब टाकायचो. त्यासाठी त्यांचं डोकं मागे धरावं लागे. पहिल्या दिवशी ते आक्रसले, मीही आक्रसलो. दुसऱ्या दिवसापासून काही वाटेनासं झालं. त्यांची बायको सरजाबाई चौथ्या दिवशी माझ्याकडे आली. बाई ठसठशीत, कपाळभर कुंकू. म्हणाली, भाऊ, हे माणूस झोपत नाही, बसून राहतं, भिंतीला डोकं टेकून तोंडाने धापा टाकतं, जेवण बेचव लागतं म्हणून ताट सारतं, पोरीवर ओरडतं. तुम्ही औषध देता का काढून घेता? मी म्हटलं, काढून घेतो आहे, बाई. ती पदर खोचून निघून गेली.

आठवडा गेला तरी डावी काही उघडेना. डॉक्टरांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि म्हणाले, हा माणूस अजून डावीतही थेंब टाकतो आहे. मी म्हटलं, शक्य नाही, बाटली माझ्याकडेच आहे. दुसऱ्या दिवशी मी लटारूजींना सरळ विचारलं. ते रागावले. आमच्यावर बोट ठेवतो का, म्हणाले. तोंडाला आलं होतं ते त्यांनी गिळलं, ते काय होतं हे मला ओळखता आलं. मीही तापलो. म्हटलं, जा मग, चुन्यात बोट घालत बसा आयुष्यभर, न हुंगता. दवाखान्यातली माणसं आमच्याकडे पाहू लागली. ते उठून गेले.

दोन दिवस आले नाहीत. मी सारखा दाराकडे पाहत होतो आणि बाटल्या धूत होतो. तिसऱ्या दिवशी आले, टोपी काढली आणि टोपीच्या घडीतून एक छोटी बाटली बाहेर काढली. विलायती, तयार, चकचकीत लेबलची. शेठजींनी नागपूरहून मुद्दाम मागवून दिली होती. दवाखान्याचं सोडा, हे टाका, तुमचं नाक म्हणजे पेढीचं नाक, असं म्हणाले होते. मला शेठजींचं कौतुकच वाटलं. नोकराची इतकी काळजी कोण घेतं?

"घ्या," लटारूजी म्हणाले. "माझ्यापाशी राह्यली तं मी टाकीन."

त्यांनी ती बाटली टेबलावर ठेवली नाही. माझ्या हातात दिली. मी मोरीत ओतून टाकली, त्यांच्या देखत.

त्यानंतर सहाव्या की सातव्या दिवशी डावी उघडली. थोडी, सुईच्या नेढ्याएवढी, असं ते म्हणाले. पण आपल्या आपण. मग आम्ही उजवीचे थेंब तोडले. तिच्या वेळी ते इतके घाबरले नाहीत, कारण डावीने एकदा वाट दाखवली होती. दसरा जवळ आला तेव्हा तोंड मिटून बसता यायला लागलं. वास मात्र येत होता की नाही, ते सांगत नव्हते. विचारलं की म्हणायचे, पाहू.

मग एका दुपारी दवाखाना रिकामा असताना ते एक छोटी लोटी आणि कागदात बांधलेली वनस्पती घेऊन आले. लोटीत त्यांच्या बहिणीच्या घरचं तूप होतं, खात्रीचं. म्हणाले, मला पेढीवर परीक्षा द्यायची नाही, आधी इथे देतो. तुमचा हात मापाचा आहे. रुपयात चार आणे, दोन आणे, एक आणा असं मिसळून द्या, एक निव्वळ ठेवा, आणि कोणतं कोणतं ते मला सांगू नका. मी चार मलमाच्या डब्या घासून घेतल्या, गरम पाण्यावर तूप पातळ केलं आणि ड्रामच्या मापाने मिसळलं. आयुष्यात मी पुष्कळ औषधं केली, पण इतका जीव लावून एकही केलं नसेल.

ते आपल्या हाताची पाठ पुढे करून थांबले. मग म्हणाले, माझ्या कातड्यात तीस वर्षांचं तूप मुरलं आहे, मला माझा भरवसा नाही, तुमचा हात द्या. मी साबणाने हात धुतले, दोनदा. त्यांनी माझं मनगट धरलं, पहिल्या डबीतलं तूप माझ्या हाताच्या पाठीवर चोळलं आणि वाकले. मी पाहत होतो ती फक्त त्यांची टोपी. ती बराच वेळ हलली नाही.

"तुमच्या हाताले स्पिरिटचा वास येते," ते म्हणाले. "अन् त्याच्या खाली कार्बोलिकचा. साबन बी लावला तुमी, स्वस्तातला. मंग तूप हाय. दोन आने मिसळ."

दोन आणेच होती. त्यांनी चारही ओळखल्या. एक आणावाली ओळखताना दोनदा हुंगावं लागलं, पण ओळखली. मनगट सोडलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. छत्तीस वर्षांत मी बरा केलेला असा तो एकच पेशंट, बाकीचे डॉक्टरांनी केले. यालाही बिघडवला मीच होता, ते निराळं.

इथे थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी लटारूजी पेढीवर गेले. बारा डबे रांगेत मांडलेले होते. त्यांनी सळई घातली, हात नाकाशी नेला आणि चुन्याचे ठिपके लावले फक्त तीन. उरलेल्या नवांत वनस्पती होती. त्यांना वाटलं, गवळी फसवत आहेत. मग त्यांनी डबे नीट पाहिले. डबे गवळ्यांचे नव्हतेच. मागच्या खोलीत जाऊन पाहिलं तर मोठ्या कढया होत्या. गवळ्यांचं चोख तूप तिथे ओतून, वनस्पती मिसळून, पेढी स्वतःच ते पुन्हा डब्यांत भरत होती. त्यांचं नाक बंद झालंय हे शेठजींनी ताडल्यापासून. नाक चालू असताना ते जमलं नसतं. परत आलेला डबा, पाठीवरचा हात, नागपूरहून आलेली विलायती बाटली, सगळं त्यांना एका दमात कळलं.

शेठजी म्हणाले, सगळ्यांना ठिपके लावा. लटारूजींनी चुन्याची वाटी उचलली आणि मोरीत पालथी केली. एवढंच. दुपारपर्यंत ते काम सुटून घरी आले होते आणि संध्याकाळपर्यंत बाजारात बोलवा उठली होती, की लटारूचं नाक गेलं, म्हणून शेठजींना त्याला काढावं लागलं. परत आलेला डबा पुरावा म्हणून होताच. दुसऱ्या कुठल्या पेढीने त्यांना ठेवलं नाही.

आठ दिवसांनी सरजाबाई दवाखान्यात आली. बरोबर मुलगी होती, तिला ताप होता. मी पुड्या बांधून दिल्या. जाता जाता ती उंबऱ्यात थांबली.

"नाक बंद होतं तवरिक घर चालू होतं, भाऊ," ती म्हणाली. "तुमी नाक उघडलं."

तिचं काय चुकलं? तीन दिवसांनंतर मी बाटली भरली नसती तर त्यांचं नाक शाबूत राहिलं असतं, आणि शाबूत नाकासमोर शेठजींची हिंमत झाली नसती. नंतर मी निस्तरलं नसतं, तर निदान चूल पेटत राहिली असती. दोन्हीकडून हिशेब माझ्याच दारात येतो. त्या दिवसापासून मी डॉक्टरांना न विचारता एकही बाटली भरली नाही. लोक मला खडूस कंपाउंडर म्हणायला लागले. म्हणोत.

लटारूजी डोंगराकडे आपल्या गावी गेले. दोन गाई होत्या, पुढे चार झाल्या. तूप करायचे आणि स्वतःच विकायचे. फार नाही, पण लोक गावापर्यंत चालत जाऊन घ्यायचे, असं ऐकत होतो. पहिल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी ते माझ्या दारात उभे. हातात पितळेचा लहानसा डबा, झाकणावर चुन्याचा ठिपका. मी डबा हातात घेतला आणि सहजच झाकण उघडून नाकाशी नेला. ते म्हणाले, "काऊन हुंगता? ठिपका हाय ना."

मग दरवर्षी यायचे. उंबऱ्याच्या आत आले नाहीत, पाणी मागितलं नाही. मीही विचारलं नाही. दारातच उभ्या उभ्या पावसापाण्याचं बोलायचं, गाईंचं बोलायचं, मग जायचे. डबा मात्र हातात द्यायचे. आमच्या घरी पुरणपोळी त्या तुपाशिवाय झाली नाही, आणि ते तूप मी पुन्हा कधी हुंगून पाहिलं नाही.

अठरा-एकोणीस वर्षं हे चाललं. मग एका दिवाळीला दारात सरजाबाई आली. केस पांढरे, कपाळ मोकळं. मला समजायचं ते समजलं. तिने पदराखालून तोच पितळेचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. झाकणावर काही नव्हतं.

"आता हुंगून घ्या, भाऊ," ती म्हणाली. "ठिपका लावनारा गेला."

मी तिला आत या म्हटलं. ती आली, बसली, पाणी मागून घेतलं आणि प्यायली. मी झाकण उघडलं, हाताच्या पाठीवर थोडं तूप चोळलं आणि नाकाशी नेलं. मला वास आला नाही. डोळ्यांबरोबर नाकही भरून आलं होतं. मी म्हटलं, चांगलं आहे, बाई, चोख आहे.